तलवारीची पूजा

झाशी, दसरा, संध्याकाळ

आज तलवारीला हळदकुंकू मी लावलं. बाबांचा हट्ट. पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इथे आले, म्हणून दर दसऱ्याला ही पूजा. मला लाज वाटत होती.

उन्हाळ्यात इथल्या सैन्यभरतीत धावायचं सोडून मी सांगलीच्या भरतीला गेलो. घरी मराठी बोलतो म्हणजे मराठी पोरांची पलटण आपलीच, असं मीच ठरवलेलं. तिथल्या हवालदाराने कागद परत दिले. "भरती राहत्या जिल्ह्यातूनच होते. राहतोस झाशीला ना? मग तिकडच्यांत धाव, बाळा." परतलो तोवर इथली भरती आटोपली होती. आता वयही उलटलं. एवढी लाखांची फौज, आणि मी कुठल्याच जिल्ह्याचा नाही? नोकरी तरी कसली, अग्निवीराची, चार वर्षांची. तीही नाही.

मग शेजारचे गुप्ताजी दसऱ्याचं पान घेऊन आले; इथे आपट्याचं नाही, विड्याचं पान देतात. "क्यों भैया, फौज में कब जा रहे हो?" मी पान तोंडात कोंबलं. बाबाच म्हणाले, "जाएगा, जाएगा."

ते गेल्यावर मी तलवार पुसून पेटीत ठेवत होतो. बाबा म्हणाले, "नीट ठेव. पुढच्या दसऱ्यालाही तुलाच काढायची आहे."