वर काय हाय?

३ नोव्हें., सोमवार
सासूबाईंना महाडच्या दवाखान्यातून घरी आणलं. खुब्याचं ऑपरेशन, जिना बंद. संडास मागच्या अंगणात, म्हणून खाट तळघरात टाकली. घर उतारावरचं. रस्त्याकडून शिरलं की वरचा मजला, मागच्या अंगणातून शिरलं की तळघर. उजेड आहे, वारा आहे, असं मी विचारेल त्याला सांगते. पूर्वी तिथे गुरं बांधायचे ते सांगत नाही.
पडल्या त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली होती. "सुमन, हात दे गो, संडासला जायचंय." संडास अंगणाच्या टोकाला, पायऱ्या शेवाळलेल्या. मी फोनवर बहिणीशी बोलत होते. म्हटलं, आले आई, दोन मिनिटं. त्या एकट्याच निघाल्या.
अजून कुणाला सांगितलेलं नाही हे.

६ नोव्हें., गुरुवार
पाणी पीत नाहीत. दुपारनंतर चहासुद्धा नको. उशाला तांब्या भरून ठेवते, सकाळी तसाच. लघवीला भांडं द्यावं लागतं आणि ते मी उचलते, त्याची त्यांना लाज. आज भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या हाताला ह्ये काम लावलं मी."
त्यांनी लावलं म्हणे! डॉक्टरांनी बजावलंय, पाणी कमी पडलं तर लघवीला त्रास होईल, परत दवाखाना. ह्यांना पनवेलला फोन केला. तळघरातच कमोड बसवायचं ठरलं. हे म्हणाले, तूच बघ सगळं. बघतेच की. दुसरं कोण आहे इथे.

१० नोव्हें., सोमवार
पोलादपूरहून कमोड, पाइप, टाइल्स आल्या. कापडे गावाच्या पुढे खड्ड्यांच्या रस्त्याने दोन टाइल्स खाल्ल्या. बाळूमिस्त्रींनी जागा बघितली. डाव्या कोपऱ्यात कातळ, फोडायचा तर पंधरा-वीस दिवस, ब्रेकर मिळाला तर. उजवा कोपरा मऊ. जुन्या संडासची टाकी त्याच अंगाला, पाइपाला उतार आयता. मग मिस्त्रींनी वर तुळयांकडे बघितलं.
"वयनी, याच्या वर काय हाय?"
"अडगळीची खोली," मी म्हटलं.
इतकं सहज निघालं तोंडातून. वर देवघर आहे. मिस्त्री देवभोळे, खरं सांगितलं असतं तर हत्यारं गोळा करून घरी गेले असते. आणि पंधरा-वीस दिवस भांडं. आणि रिकामं पोट, सुकलेले ओठ. म्हणून.

११ नोव्हें., मंगळवार
वाटलं, देवघराच्या खाली असलं तरी देव्हाऱ्याच्या खाली नसेल. खाली तुळया मोजल्या, वर पावलं मोजली. दोनदा. हातभरसुद्धा फरक नाही. कमोडच्या बरोबर वर देव. ओळंबा सोडून बसवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.
देव्हारा भिंतीतला. टाक सासऱ्यांच्या हातचे बसवलेले. हलवायचे तर गुरवाला विचारायचं, सासूबाईंना विचारायचं. का हलवतेस म्हणतील, तर? मिस्त्रींचं फावडं खाली चालूच होतं. थांबा म्हणायला जिन्यापर्यंत गेले. परत आले, भात टाकला.

१७ नोव्हें., सोमवार
झालं. धरायला भिंतीला दांडा लावलाय. सासूबाई वॉकर घेऊन एकट्या आत गेल्या, आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज ऐकला आणि मला रडूच आलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "राणीवानी केलंस गो मला."

२० नोव्हें., गुरुवार
तांब्या रोज सकाळी रिकामा. काल ताक मागून घेतलं, वर अर्धी वाटी आणखी. शेजारच्या काकी बघायला आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना कमोड दाखवला, नळ सोडून दाखवला, आणि माझं कौतुक इतकं केलं की मी चहाचं निमित्त काढून वर पळाले. वर आले तर समोर देवघर.
हल्ली पूजा करते पण टाकांकडे बघत नाही. फुलाकडे बघून फूल वाहते.

२३ नोव्हें., रविवार
हे दोन दिवस आले होते. सांगायचं ठरवलं होतं, दोन मिनिटांचंही आणि देव्हाऱ्याचंही. हे म्हणाले, आईचा चेहरा बघ कसा उजळलाय. मग कुठलं सांगते. जाताना डब्यात लाडू दिले.

२४ नोव्हें., सोमवार
जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तू सकाळी घंटा वाजवतंस ना, मी आत बसल्यावर लय जवळ वाजते. डोक्यावरच जशी."
आमटी वाढत होते, थोडी ताटाबाहेर गेली. म्हटलं, मधे नुसत्या फळ्या आहेत ना आई, आवाज येणारच. त्या "हां" म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.

२५ नोव्हें., मंगळवार
घंटा वाजवली नाही. त्या आत होत्या तोवर पूजाच उरकून घेतली, मुकाट. चोरासारखी.
चहा घेऊन खाली गेले. "आज घंटा नाय वाजली?"
"विसरले आई."
त्यांनी कप हातात घेतला आणि वर बघत राहिल्या, तुळयांकडे. बराच वेळ. पन्नास वर्षं त्या या घरात आहेत. कुठल्या तुळईवर काय आहे ते त्यांना पावलं मोजून बघावं लागत नाही.
दुपारी ताक आणलं तर नको म्हणाल्या, थंड पडतं.

२६ नोव्हें., बुधवार
सकाळी तळघर झाडताना तांब्या उचलला. जड लागला. भरलेला, काल ठेवला तसा, वर फुलपात्र पालथं.
ओठ परत सुकलेत. विचारलं, पाणी नाही प्यायलात? म्हणाल्या, "तहान नाय गो."
असली कसली मी. त्यांना सुख द्यायला गेले आणि देवाची भीती पाण्यात घालून आले. आणि त्या मला एका शब्दाने बोलत नाहीत, बोलल्या असत्या तर बरं होतं.
तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं, ताजं भरलं. भाकऱ्या झाल्या की खाली जायचंय. आधी दोन मिनिटांचं सांगायचं, मग अडगळीच्या खोलीचं. शेवटची भाकरी तव्यावर आहे.