खुब्यातलं पाणी

४ डिसेंबर, बुधवार

दुखतंय! दुखतंय म्हणजे दुखतंय. आजपासून लिहून ठेवणार, कारण तोंडाने सांगितलेलं या घरात कुणी ऐकत नाही. अक्षरं मी धनाजीच्या पाटीवरच शिकले, तो पहिलीत होता तेव्हा. आता लेकाच्या विरुद्ध लिहायला उपयोगी पडताहेत.

मिरजेला जाऊन एक्स-रे काढला. ऑपरेशन करून बसवलेली खुब्याची नवी वाटी, नवा गोळा, दोन्ही जागच्या जागी. मोठे डॉक्टर म्हणाले, "आजी, फोटो अगदी छान आलाय."

म्हटलं, "छान आलाय तर स्थळाला दाखवा. पाय टेकवत नाही त्याचं काय?"

धनाजी माझ्या पदराला ओढत होता. लेक हाय का पोलीस!

येताना गाडीत तो मंगलला एवढंच बोलला, "तरी सांगत हुतो, आईला खाली बसू दिऊ नगंस. आतली नस दुखावली आसंल." सून माझी कवठे महांकाळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

५ डिसेंबर

खरं काय ते मांडते. बिरोबाच्या जागराला मंगलनेच खुर्ची आणून ठेवली होती — लाल, प्लास्टिकची. ढोल वाजतोय, ओव्या चालल्यात, देव घोंगडीवर मांडलेला. आणि मी हरणाबाई देवाहून उंच बसू? खुर्ची मीच बाजूला सारली. खाली बसले, चांगली मांडी घालून. ऑपरेशननंतर बसायचं नसतं, ठाऊक होतं. तरी बसले.

पण दुखणं त्याच्या आधीपासूनच होतं! ठसठस, पिकल्या गळवासारखी. मंगलला सगळं माहीत, तीच पाय उशीवर ठेवून द्यायची. हे सांगितलं तर म्हणतात — म्हातारी सुनेवर पांघरूण घालतीया.

६ डिसेंबर

साळूबाई वन्सं येऊन गेल्या. नणंद माझी. तोंड म्हणजे वाघरेची जाळी तोडून सुटलेला मेंढरांचा कळप.

"वैनी, सून धड आसती तर तुमास्नी भुईवर बसू दिलं आसतं व्हय?"

मंगल चहा घेऊन दारातच उभी.

मी म्हटलं, "वन्सं, ह्यो चहा तिनंच केलाय. नगं आसंल तर सांगा."

प्याल्या. बशी पुसून प्याल्या!

७ डिसेंबर

धनाजीने आज मंगलच्या हातचा डबा नेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

९ डिसेंबर, सोमवार

अंगात कणकण. मंगलने माझ्या कपाळाला हात लावला, मग टाक्यांच्या जागेला. आणि नवऱ्याला न विचारता थेट डॉक्टरांना फोन! "आवं सायेब, ताप बी हाय आन् टाक्यापाशी गरम लागतंय." शाब्बास माझी वाघीण.

उद्या रक्त, परवा खुब्याची सोनोग्राफी.

वन्संना कुठून कळलं कोण जाणे. फोनवर खिदळतात — "ह्या वयात सोनोग्राफी? वैनी, पेढं कवा?"

"पोरगी झाली आन् लय बोलाय लागली तर तुमचंच नाव ठिवते," म्हटलं.

११ डिसेंबर

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी — इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आत गेल्यावर तिथल्या ऋचा डॉक्टरांना म्हटलं, "मुलगा का मुलगी ते राहू द्या. दुखणं आहे का नाही, तेवढं सांगा."

लय हसली पोर. गार जेली लावली, यंत्र फिरवलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. "आजी, हे काळं दिसतंय ना, ते पाणी. सांध्याभोवती साठलंय. एक्स-रेत हाड आणि धातू दिसतो, हे दिसत नाही."

धनाजीला आत बोलवायला लावलं. "बघ. नीट बघ." बघितलं त्याने.

मी विचारलं, "भुईवर बसल्याने झालंय का हे?"

"पाणी काढून तपासू, मग सांगते. अंदाजाने बोलणार नाही."

भली बाई! अंदाजाने बोलणाऱ्यांची आमच्याकडे टंचाई नाहीच.

पडद्यावर बघत बघत त्यांनी सुई नेमकी त्या काळ्यात नेली. मंगलचा हात मी असा आवळला की कळ तिलाच जास्त आली असेल. पाणी गढूळ निघालं. डॉक्टर हसायच्या थांबल्या. "जंतू निघाले तर परत उघडून धुवावं लागेल."

साफ सांगितलं — मला खरं काय ते हवंय, चाकू नको. त्या टेबलावर परत आडवी होणार नाही. नाही म्हणजे नाही!

१४ डिसेंबर

रिपोर्ट अजून नाही. मी ठाम.

मंगल पाय चेपता चेपता म्हणाली, "आत्या, तुमी न्हाई म्हटल्यावर मी कोन सांगनार? पर घान आत ठिवून फुडल्या जागराला कशा बसनार?"

मी झोपेचं सोंग घेतलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

जंतू निघाले.

मोठे डॉक्टर आज फोटोबद्दल काही बोलले नाहीत. मीच विचारलं, धनाजीसमोर, मोठ्याने — "बसल्याने होतं का?"

"नाही आजी. बसल्याने सांधा निसटू शकतो, पू होत नाही. जंतू कुठून शिरले ते नक्की सांगता येणार नाही. पण सूनबाईंनी ताप लगेच कळवला ते बरं केलं. उशीर झाला असता तर अख्खा सांधा काढायची पाळी आली असती."

ऐकलं का? मी ऐकलं. भिंतींनी ऐकलं. धनाजीने मान खाली घातली.

बाहेर टपरीवरून तो एक चहा घेऊन आला. मला वाटलं, आईला आणला. मंगलपुढे धरला. "घे. सकाळपास्नं काय पोटात न्हाई तुज्या." ती घेईना. मग घेतला. डोळे पुसायला पदर पुरेना बाईला.

जिंकले मी!

उघडायचं का नाही, ते उद्या सांगा म्हणालेत.

१८ डिसेंबर

हो म्हटलं. उद्या टेबलावर.

मंगलला बजावून ठेवलंय — ती लाल खुर्ची कुणाला देऊ नको. पुढच्या जागराच्या आत बिरोबाला ओटा बांधून घे, खुर्चीतल्या माझ्या डोक्याहून उंच. देव वर बसला, की मी खुर्चीत बसते.