मावशीच्या कार्डावरची सही

प्रिय टिल्लू,

तुझा फोन आला तेव्हा आईला आंघोळ घालत होते, म्हणून उचलला नाही. नंतर परत फोन करायचं त्राण उरलं नाही. रागावू नकोस. हल्ली मी बसल्या जागी पेंगते. शिवायला आलेले कपडे तसेच पडलेत आणि गिऱ्हाईकं माझ्या नावानं खडे फोडताहेत. आई बरी आहे, म्हणजे आहे तशी आहे. तू शाळेतून आलास का, हे दिवसभर विचारते. मी 'येईल आता' म्हणते. खोटं बोलायचाही कंटाळा येतो रे.

संध्याकाळी तिला आपला तो सुट्टीतला सिनेमा लावून देते, बर्फात अडकलेल्या बसचा. तेवढा वेळ ती शांत असते. त्यातली खानावळवाली मावशी दारात उभी राहून सगळ्यांना 'आधी पाय पुसा' म्हणून दरडावते ना, तिथे आई अजूनही मावशीच्या आधी बोलते. लहानपणी याच सुरात तिनं आपल्याला काय पिडलं होतं! आता मी बाजारातून आले की मलाही तेच ऐकवते, पण मी कोण हे तिला नक्की ठाऊक नसतं.

तुझा कार्डांचा अल्बम नीट आहे. ओल लागू नये म्हणून तू सांगितलंस तसा अधूनमधून उघडून ठेवते. सिनेमातलं एकेक पात्र एकेका कार्डावर, आणि त्या त्या नटाला तू कार्ड पाठवून सही मागवायचास. सोबत निळं पेनही द्यायचास, कारण काळी शाई त्या चित्रांवर उठत नाही म्हणे. ड्रायव्हरनं सही केली, कंडक्टरनं केली, कुत्र्याच्या मालकानं तर पंजाचा ठसा पाठवला. कोरं राहिलं ते मावशीचं. ती बाई कुणालाच सही द्यायची नाही, आणि आता तर ती गेलीच.

तर ऐक, आणि डोक्यात राख घालून घेऊ नकोस. परवा मी इस्त्री करत होते. अल्बम टेबलावर उघडा, पेन त्यातच खोचलेलं. वळून बघते तर आईनं मावशीचं कार्ड प्लास्टिकच्या कप्प्यातून काढलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ती सही करतेय. तिचा हात धरणार तेवढ्यात ती म्हणाली,

"थांब जरा. पोरगं कधीचं सहीसाठी खोळंबलंय."

तुझं प्रगतिपुस्तक वाटलं तिला. गणिताचे मार्क बघून ती मुद्दाम सही लांबवायची आणि तू दप्तर अडकवून दारात ताटकळायचास, आठवतंय? बँकेत तिची सही जुळत नाही म्हणून आता अंगठा घेतात. या कार्डावर मात्र तिचं पूर्ण नाव आहे, शेवटच्या अक्षराच्या त्या ऐटबाज शेपटीसकट. शाईवर तिनं फुंकर घातली आणि दाराकडे बघत बसली. काल मी पुन्हा पेन हातात दिलं, तर हे कशाला असतं म्हणून विचारलं तिनं.

यंदा सुट्टी मिळणं कठीण, अल्बम कुरिअरनं पाठव, असं तू म्हणाला होतास. बाकीचा पाठवते, हे कार्ड नाही पाठवणार. मी थकलेय, टिल्लू. फोनवर हे सांगता येत नाही; तू लगेच 'बघतो, जमवतो' म्हणतोस आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहितेय. ये, आणि कार्ड तिच्या हातून घेऊन जा. सही झालीय. आता आई खोळंबलीय.

तुझीच, दमलेली,
ताई