पेज जेवणात धरत नाहीत

मिठबाव, सोम. ८ जाने. ६२
आमच्या वसंताचं, मुलाचं, मुंबईहून पत्र. इस्पितळात त्याच्या आईचा, म्हणजे सौ.चा, नंबर लागला, शुक्र. १९ ला. आधी डॉक्टर नाही, डाएटिशियन बाई बघणार. काय खावं, किती खावं, ते ठरवून देणारी बाई. असा हुद्दा असतो हे मला नवीन. आगबोट बुधवारी १७ ला, देवगडहून.
बाईंना आधीच्या आठ दिवसांचं खाणं लिहून हवंय. वेळ, पदार्थ, माप. काम अर्थातच मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे.
सौ.च्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नाही. देवगडचे डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर पथ्यानं आटोक्यात आली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर थांबलं तर नशीब.
आज सौ.चा सोमवार, कडक उपास. लिहायला काही नाही.

मंगळ. ९
शाळेतून आल्यावर विचारलं, "आज काय खाल्लंस?"
"तुमी खाल्लात ताच."
लिहिलं: भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. दोन वेळा.

बुध. १०
"किती भात?"
"पोटभर."
पोटभर हे माप नव्हे. रागावलो. मग लक्षात आलं, तेवीस वर्षं संसार झाला, पण हिला जेवताना मी पाहिलेलं नाही. मी उठतो, मग ती बसते. काल लिहिलं ते माझं जेवण, तिच्या नावावर. लाज वाटली.

गुरु. ११
चष्मा विसरलो म्हणून मधल्या सुट्टीत घरी आलो. सौ. चुलीपुढे, हातात पेजेचं भांडं, बाजूला गुळाचा खडा. चांगला सुपारीएवढा.
"हे रोज?"
"सकाळी, आता, नि तीन वाजता."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुमी 'काय खाल्लंस' म्हणान इचारलात. पेजेक खाणा कोण म्हणता? पेज पितत."
रागवायला तोंड नाही. पहाटे मीही पेज पिऊन शाळेत जातो, आणि कोणी विचारलं तर सांगतो, सकाळपासून पोटात काही नाही.

शुक्र. १२
वाटी घेऊन बसलो. पेज एका वेळी तीन वाट्या, त्यातला उकडा भात गाळून दीड. सौ. बघत होती. "बाईन पेज बंद केल्यान तर मी जगतलंय कशार?" लिहिलं सगळं, गूळसुद्धा.

रवि. १४
संक्रांत. सौ.नं तिळगूळ वाटला, स्वतः एकच कण जिभेवर ठेवला, आणि म्हणाली, "लिवा. एक कण." दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

सोम. १५
रजा घेतली. बरं झालं घेतली.
सकाळपासून पाणीसुद्धा नाही, साखर उतरवायची डॉक्टरांची गोळी मात्र घेतलेली. चार वाजता विहिरीवर भोवळ आली. रहाटाचा दोर धरला म्हणून वाचली. मी धावत गेलो, गूळपाणी पाजलं. हातपाय गार होते. फार घाबरलो.
सावरल्यावर विचारलं, हे उपास कशासाठी? म्हणाली, वसंता पाळण्यात होता तेव्हा मी विषमज्वरानं पडलो होतो, तो उतरावा म्हणून हिनं नवस बोललेला. जन्मभराचे सोमवार. आणि मी आजवर विचारलंसुद्धा नव्हतं.
वही उघडली तशी हात धरला. "ता लिवू नकात. देवाचा आसा ता, बाईक कित्याक? ती सोमवार सोडूक सांगतली. मगे तुमका काय झाला तर?"
"आणि तुझा पाय?"
"पाय माझो आसा."

मंगळ. १६
पेटी बांधून झाली. आज जबरदस्तीनं तिचं पान माझ्या शेजारी मांडलं. अर्धी पाठ करून बसली, पण जेवली. भात दोन वाट्या. माझ्या निम्मासुद्धा नाही.
दुपारी वहीची स्वच्छ प्रत करायला बसलो. पेज, गूळ, तिळगुळाचा कण, सगळं उतरवलं. दोन सोमवार राहिले. सौ. दारात उभी, वाचता येत नाही तरी वहीवर नजर.
"लिवलात?"
"अजून नाय."
मूळ वहीत पहिलाच दिवस काढला. माझ्याच अक्षरात, "लिहायला काही नाही." वीस वर्षं दर सोमवारी ही माझ्यासाठी उपाशी राहिली, आणि मी लिहिलं ते हे.
ती ओळ खोडली. सकाळी सहाला निघायचंय. त्या ओळीच्या जागी लिहिलं: "सोमवार. कडक उपास, पाणीसुद्धा नाही."