वडील जिवंत असताना काढलेली मिशी

गुरुजी, मी चौथीतून शाळा सोडलेला तुमचा विद्यार्थी. माझ्यापेक्षा माझी बहीण तुम्हाला जास्त आठवंल, ती ऐकू न येणारी. मी सध्या सुरतेत लूमवर आहे. त्याआधी हैदराबादला बेकरीत होतो, त्याआधी पुण्यात सेंट्रिंगवर. एका जागी माझं बूड टेकत नाही, हे तुम्ही वर्गातच ओळखलं होतं. इथं सगळे माग एकदम चालतात, बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून काम समजून घेतात. नवी पोरं लई दिवस गोंधळतात. मला पहिल्याच पाळीला जमलं. आमच्या जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं विचारलं, आधी कुठल्या लूमवर होतास? मी म्हणलं, शिरूर अनंतपाळकडच्या एका शाळेत. त्याला वाटलं, मी त्याची मस्करी करतोय.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूर जिल्हा नवीनच झालेला, पण ऐकू न येणाऱ्या लेकरांना कसं शिकवायचं याचं ट्रेनिंग मात्र नांदेडलाच. आमच्याकडचं कोणी जायला तयार नव्हतं. तुम्ही गेलात, कारण माझा बाप बहिणीला शाळेतून काढायला निघाला होता. मायबाप रोजगार हमीच्या कामावर जाणार, मग टँकरपाशी घागरी लावून बसायला कोणीतरी पाहिजे. आणि पोरीला ऐकूच येत नाही तर वर्गात बसून ती काय करती, असं त्याचं म्हणणं. तुम्ही त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर हिच्या तोंडून एक शब्द काढतो, नाही निघाला तर खुशाल घेऊन जा म्हणालात.

नांदेडहून तुम्ही परत आलात ते मिशी काढूनच. तुमची मिशी जाड, वरचा ओठ पार झाकणारी. तिथं सांगितलं होतं की असं लेकरू बोलणाऱ्याचे ओठ वाचतं, ओठ उघडे पाहिजेत. तुम्ही त्याच भरात न्हाव्यापुढं बसलात. आपल्याकडं बाप गेल्याशिवाय माणूस मिशीला वस्तरा लावत नाही, हे तुमच्या ध्यानातच राहिलं नाही. एसटीतून उतरलात तशी पारावरची माणसं गपगार उभी राहिली. बघता बघता बायका डोळ्याला पदर लावून तुमच्या घरी निघाल्या. तर ओसरीत तुमचे वडील सुपारी कातरत बसलेले. कोण गेलं, म्हणून त्यांनीच विचारलं. कळल्यावर ते म्हणाले, “मी हितं जिता बसलोय, अन् ह्यानं माझं उरकूनबी टाकलं.” मिशी येईपर्यंत माझ्या पंगतीला बसू नको, असं त्यांनी तुम्हाला बजावलं. तुम्ही स्वयंपाकघरात वेगळे जेवायला लागलात, आणि रोज सकाळी वाटीभर पाण्यात दाढीबरोबर ओठही घोटत राहिलात.

मग आसपासच्या मास्तरांना शिकवायचं तुमच्यावर आलं. आमच्याच शाळेत सगळे जमले. बहीण माझ्याशिवाय बसंना, म्हणून मीही पुढं. उजेडाकडं तोंड करून बोला, फळ्याकडं बघत बोलू नका, ओरडू नका, इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मिशीचं नाव निघालं तसे हात ओठावर गेले. एकजण म्हणाला, गुरुजी, आमचे वडील आधीच आजारी हायत, असं तोंड बघून खरंच जातील. उदगीरचे एक मुसलमान मास्तर होते, दाढी लांब पण मिशी बारीक कातरलेली. ते शांतपणे म्हणाले, “आपलं तर पहिल्यापासूनच नियमात बसतंय बगा.” सगळे हसले. तुम्हीही.

मग एका मिशीवाल्या मास्तरांना तुम्ही ‘भाऊ’ म्हणायला लावलं. बहीण नुसती बघत राहिली आणि मान खाली घातली. मग तुम्ही तिच्यासमोर बसलात आणि आवाज न काढता तोच शब्द म्हणालात. ओठ मिटले, उघडले, गोल झाले. तिनं वळून माझ्याकडं बोट केलं. दारात तुमचे वडील उभे होते, कधी आले कोणास ठाऊक. ते काठी टेकत आत आले, तिच्यापुढं खाली बसले, दोन बोटांनी आपली पांढरी मिशी वर धरली आणि म्हणाले, “आजा.” तिला काय कळलं माहीत नाही, पण ती खुदकन हसली. उठताना ते तुमच्याकडं न बघताच म्हणाले, “जेवायला चल. ताट निवून चाललंय.”

पुढं तुम्ही तिचा हात तुमच्या गळ्यावर ठेवायचात, मग तिच्याच गळ्यावर. दिवाळीच्या आधी ‘भाऊ’ हा शब्द आवाजासकट निघाला. बापानं दोनदा म्हणायला लावला आणि घागरी स्वतः उचलून टँकरकडं गेला. तिला शाळेतून काढायचं नाव त्यानं परत घेतलं नाही.

तुम्ही जाऊन लई वर्षं झाली. हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, पेटीतच राहील, म्हणून एक सांगून टाकतो. मी गावाकडं गेलो की ती मला स्टँडवर घ्यायला येती आणि मागून ‘भाऊ’ म्हणून हाक मारती. घोगरा, मोठा आवाज, माणसं वळून बघतात. मला पहिल्याच हाकेला ऐकू येतं, गुरुजी. पण मी वळत नाही. ती परत एकदा म्हणंपर्यंत तसाच चालत राहतो.