मधाइतकं घट्ट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
ही वही फक्त बाबांच्या पाण्याच्या नोंदीसाठी. बाकी काही लिहायचं नाही.
स्ट्रोकनंतर बाबांना पातळ काही गिळता येत नाही. ठसका लागतो, छातीत जायची भीती. म्हणून पाणी, चहा, ताक, सगळं पावडर घालून मधाइतकं घट्ट करून चमच्याने द्यायचं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला आठशे मिली तरी पोटात गेलं पाहिजे. बावीस तारखेपर्यंत जमलं नाही, तर नाकातून नळी. बाबांनी हे ऐकलं. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.
आज सकाळी माझ्या हातून ३० मिली. दोनदा मान फिरवली.
कारण उघड आहे. गुठळ्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ८
राधाबाईंच्या हातून आज ६४०. (राधाबाई सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाबांजवळ असतात. तेवढा वेळ मी ऑफिसात.) माझ्या हातून ५५. एकूण ६९५.
पावडर तीच, पेला तोच, चमचा तोच, बाबाही तेच. म्हणजे फरक फक्त ढवळण्यात.
मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. पंचवीस वर्षं विम्याचे क्लेम तपासतोय म्हणून सगळंच विसरलेलो नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये चुंबकाचं ढवळणी यंत्र होतं. खाली चुंबक फिरतो, वर काचपात्रात चुंबकाचीच पांढरी कांडी आपोआप गरगरते. कोणाचा हात लागत नाही.
निर्णय: असं यंत्र घरी करायचं. रविवारपर्यंत.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९
हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोड. कॉम्प्युटरचा जुना पंखा, दोन चुंबक, वेग कमी-जास्त करायला एक नॉब. मग प्रिन्सेस स्ट्रीटला कांडी. दुकानदाराने विचारलं, कुठली लॅब? म्हटलं, परळ. (घर परळला आहे.)
घरी यायला उशीर झाला. राधाबाई दीड तास जास्त थांबल्या. घड्याळाकडे बघून चपला घातल्या. बाबा झोपले होते.
माझ्या हातून ०. आजचा आकडा सरासरीत धरू नये.
दुरुस्ती: धरावा. आकडा तो आकडा.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
राधाबाईंची रविवारची सुट्टी. अँटॉप हिलहून मनवा आली होती, माझी धाकटी बहीण. बाबांचं तिने बघितलं, मी यंत्राचं. श्रीखंडाचा मोठा डबा उपडा करून आत पंखा बसवला. पंख्याच्या पोटावर दोन चुंबक चिकटवायचे होते. ते एकमेकांनाच चिकटले आणि सोडवायला अर्धा तास गेला.
निघताना मनवा दारात म्हणाली, "दादा, दिवसभर बाबांच्या खोलीत बसलास हे खरं. पण दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून."
मी सांगितलं की प्लग त्या भिंतीवर आहे. हे खरं आहे.
हॉलमध्येही दोन प्लग आहेत. पण तिथे उजेड कमी.
दुरुस्ती: हॉलमध्ये उजेड जास्त आहे. पण मग बाबा एकटे पडले असते.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.३०
पहिली चाचणी. बाबांचा नेहमीचा स्टीलचा पेला ठेवला. पेल्याचं बूडच चुंबकाने धरून ठेवलं, कांडी ढिम्म. मग काचेचा ग्लास. साध्या पाण्यात कांडी फिरायला लागली आणि मधोमध सुरेख भोवरा पडला. किती वेळ बघत बसलो ते मोजलं नाही. बाबांना म्हटलं, बघा. ते बघत होते, पण माझ्याकडे. पलंगावरून यंत्र नीट दिसत नसावं.
मग पावडर. एक चमचा, ठीक. दुसरा चमचा पडल्यावर कांडी अडखळली, जागच्या जागी उड्या मारायला लागली, खट खट खट.
माझ्या हातून ४०. त्यातले २० खट खटच्या आधीचे.
पुढचं पाऊल: जोरदार चुंबक. शिवाय, माणूस नेमका कसा ढवळतो याचा अभ्यास.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १
रजा. राधाबाईंचं निरीक्षण, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून.
मिनिटाला साधारण नव्वद फेरे. वेळ सहा मिनिटं. चमचा तिरका. पलंगावर बाबांच्या पायाशी बसून. दरम्यान अवांतर बोलणं: सुनेने बोंबील फ्रीजच्या वरच्या खणात ठेवले आणि सगळ्या घराच्या दुधाला वास लागला, मुलगा सुनेचीच बाजू घेतो, नातू मात्र बिनदुधाचा चहा प्यायला आणि म्हणाला छान लागतो. बाबांनी या काळात १५० मिली घेतलं.
बोलण्याने वेग कमी-जास्त होतो की काय अशी शंका आली. म्हणून त्यांना न बोलता ढवळून दाखवायची विनंती केली. त्यांनी ओठ मिटले, डोळे मोठे केले आणि अर्ध्या मिनिटात चमचा खाली ठेवला.
"तोंड मिटलं की हात चालत नाय माझा, भाऊ. आणि त्यांनी तरी काय, नुसता चहा प्यायचा?"
निष्कर्ष: बोलण्याचा आणि मनगटाच्या लयीचा काही संबंध असावा. यंत्रात याची सोय करता येणार नाही, पण वेग नव्वदवर ठेवता येईल.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०
नवे चुंबक बसवले. दीड चमच्यापर्यंत चालतं.
आणि मग कांडी सापडेना. ग्लासात नाही, सिंकमध्ये नाही, चाळणीत नाही. शेवटचा चमचा मी बाबांना दिला होता. त्यांना आ करायला लावलं, टॉर्च मारला, जिभेखाली बघितलं. बाबांनी आ केला आणि शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. टॉर्चचा उजेड सारखा त्यांच्या नाकावरच पडत होता.
कांडी फ्रीजच्या दारावर होती. राधाबाईंनी ग्लास विसळताना उचलून त्या कांडीने लाईटबिल लावून ठेवलं होतं. म्हणाल्या, बरी चिकटते.
नियम: चमचा देण्याआधी कांडी बाहेर काढून बशीत ठेवायची. कांड्या मोजायच्या. एकूण कांड्या: एक.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८
जमलं.
दोन चमचे पावडर, पूर्ण घट्ट, वेग नव्वद, वेळ वीस मिनिटं. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. एकही गुठळी नाही. असा चहा राधाबाईंनाही जमलेला नाही, हे मत्सराने नाही, निरीक्षणाने लिहितोय.
दुरुस्ती: थोडं मत्सराने.
बाबांनी एक चमचा घेतला. तोंडात धरला. मग हळूच टॉवेलवर सोडून दिला.
"गार," म्हणाले.
महिन्याभरात माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी खूश झालो, मग अर्थ लक्षात आला. वीस मिनिटांत चहाचं काय होणार.
माझ्या हातून ५. पण दोष यंत्राचा नाही, तापमानाचा आहे. ग्लास गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ढवळायचं.
राधाबाई उद्या संध्याकाळी देवगडला जाणार. भाचीचं लग्न. सोमवारी परत. म्हणजे यंत्राची खरी परीक्षा आता.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७
सोमवारपर्यंत रजा टाकली आहे. घरात मी आणि बाबा.
सकाळी डब्यावर उकळत्या पाण्याचं ॲल्युमिनियमचं भांडं, त्यात ग्लास. कांडी तीन मिनिटं फिरली. मग सुस्तावली. खालच्या चुंबकाचा गोंद विरघळला आणि चुंबक पंख्याच्या पात्यात गेला. मोठा आवाज, जळका वास. बाबा दचकले. मी त्यांना म्हटलं, काही नाही, काही नाही. दिवसभरात हेच एक वाक्य त्यांच्याशी बोललो असेन.
दुपारी दुरुस्ती, संध्याकाळी दुरुस्ती.
दिवसाचं एकूण: २१०.
डॉक्टरांना फोन केला. आकडा ऐकून म्हणाले, शनिवारी सकाळी घेऊन या, नळी घालून टाकू, उगाच लांबवायला नको. मी बॅग भरली. दोन लुंगी, टॉवेल, फाइल. बाबा बॅगेकडे बघत होते. मग भिंतीकडे वळले.
प्रामाणिकपणे लिहायचं तर दोनशे दहा हा यंत्राचा आकडा नाही. माझा आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०
सकाळी यंत्र नाही. चमचा.
खुर्चीवर यंत्राचा पसारा होता म्हणून पलंगावर बसलो, त्यांच्या पायाशी. ढवळायला लागलो. बाबा माझ्याकडे बघतायत, मी चहाकडे. काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत आम्ही काय बोलायचो ते आठवून बघितलं. वर्तमानपत्र आलं का. दूध आलं का. जेवलास का.
काहीच सुचेना म्हणून यंत्राचंच सांगायला घेतलं. चुंबकांमध्ये बोट सापडलं होतं आणि तोंड दाबून हॉलभर नाचलो होतो, ते वहीत लिहिलं नव्हतं, तेही सांगितलं. बाबांच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हलली. मी तोंडाजवळ चमचा नेला, त्यांनी घेतला. मी सांगत गेलो, ते घेत गेले. १६०. गुठळ्या होत्या, मला दिसत होत्या.
अकरा वाजता ताक: कांडी कशी फिरते ते. १३०. दुपारी पाणी: का थांबते ते. १८०. चार वाजता चहा: मी क्लेम कसे नाकारतो, त्यातला एक मजेशीर आणि दोन वाईट. १७०. माझा घसा बसला.
सहा वाजता एकूण ६४०. डॉक्टरांना कळवलं. म्हणाले, रात्रीपर्यंत आठशे झाले तर उद्या येऊ नका, आठवडाभर बघू.
शेवटचा ग्लास हातात घेतला आणि ऐंशी अंशांच्या वर गेलं की चुंबकाची ताकद का ओसरते ते समजावून सांगितलं. उशीच्या अभ्र्यावर बोटाने आकृती काढून. १६५. झाले. आठशे पाच. बॅगेतून टॉवेल बाहेर काढला.
बाबांनी डोळे मिटले होते. पण मुद्दा अर्धा राहिला होता, म्हणून मी पुढे बोलत राहिलो. तेव्हा ते म्हणाले, अगदी स्पष्ट, दोन शब्द:
"बंद कर."
मी यंत्राकडे बघितलं. ते कालपासून बंदच आहे.