दुसऱ्या पाकिटातला फोटो

प्रिय पिटुकले,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझं ठरलेलं लग्न मोडल्याचं आईला चार वाक्यांत कळवलंस, मला एकाही नाही. कारण मला ठाऊक आहे. तुमच्या प्रयोगशाळेतला, माझ्या मेंदूच्या तपासणीचा तो कागद माझ्या शिलाई मशीनवर आपटून, बाबांवर नाही तर मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, असं विचारून तू निघून गेलीस. कागदाप्रमाणे तुझ्या आईचा फोटो पाहून माझा मेंदू ढिम्म हलला नव्हता, आणि समोर राहणाऱ्या, पोस्टात काम करणाऱ्या बाईंचा पाहून लख्ख उजळला होता. तेव्हापासून तू त्या बाईंशी जिन्यातही बोलत नाहीस. बिचाऱ्या दोनदा विचारून गेल्या, माझं काही चुकलं का म्हणून.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात जेवताना तू आम्हाला किती हौसेनं समजावलं होतंस! पहिल्या प्रेमातली ती धडधड, उडालेली झोप वर्षा-दोन वर्षांत ओसरते. पण काही जोडप्यांत मेंदूच्या आतला एक छोटासा भाग, तहानेल्याला पाणी दिसल्यावर जागा होणारा, तीस वर्षांनंतरही आपल्या माणसाला पाहून जागा होतो, आणि काळजीचा भाग मात्र शांत असतो. आई हसून म्हणाली होती, तुझ्या बाबांचा तर घोरत असेल. तू हसलीस. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

कारण त्याच आठवड्यात तिनं नवा चष्मा घेतला होता आणि मला आठ दिवस पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं एक बटण वेगळं असलं तर मला दारातून दिसतं, आणि बायकोचा चष्मा दिसला नाही! टेप न लावता मी तिचं पोलकं बेततो, पण तिला पाहून छाती धडधडल्याचं काही आठवेना. चौतीस वर्षांनी यंत्रानं सांगितलं असतं की आत काही नाही, तर तिनं ते हसण्यावारी नेलं असतं आणि मनातून ती खचली असती. ते मला सोसलं नसतं.

तू नात्यातली, म्हणून फोटो तू पाहायचे नाहीत असा नियम होता. पहिल्या पाकिटात बायको, दुसऱ्यात तितक्याच वर्षांच्या ओळखीची बाई. कपडे बदलायच्या खोलीत मी दोन्ही फोटोंची अदलाबदल केली. म्हटलं, तिच्या फोटोला काही उजळलं नाही तर ते तिच्या नावावर लागायचं नाही; तिच्या पाकिटात दुसरीचा फोटो गेल्यावर कागद काय म्हणेल, हे सुचलंच नाही. शिंपीबुद्धी! यंत्रात आडवा झालो, आणि दुसऱ्या फोटोत ती आली, त्याच नव्या चष्म्यात. डोळे भरून आले. हलायचं नव्हतं, म्हणून पुसताही आले नाहीत.

तू कागद आपटलास तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण मग तिच्यावरच्या माझ्याच प्रेमाची मला शंका आली होती, हे तिला कळलं असतं. मी गप्प बसलो आणि तू एका भल्या माणसाला नकार दिलास.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ऐकून तिनं चष्मा काढून पुसला. मग कपाटातून तुमच्याकडून परत आलेला तिचा फोटो काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, लिहा. तो सोबत पाठवतोय. मागे तुमच्या तंत्रज्ञाच्या अक्षरात माझा क्रमांक आहे आणि त्याखाली पाकिटाचा आकडा, दोन. तू ते अक्षर ओळखशील. ज्याला नकार दिलास त्या मुलाला आजच फोन कर, पिटुकले. त्याला सांग, खोटा कागद नव्हता, तुझा बाप होता.

तुझाच,
भित्रा बाबा